रस्त्यात उभी मालगाडी

कोरा वेन्ट्झला राग यायला क्षण पुरायचा आणि तिच्या नवऱ्याला आठवडा लागायचा. ऑर्डवे शहरात हे सगळ्यांना माहीत होतं. रूबेन वेन्ट्झ महापौर झाला तेव्हा विरोधकांनी पहिली थट्टा हीच केली की खुर्चीत रूबेन बसलाय खरा, पण रागवायचं खातं त्याने बायकोकडे दिलंय.

रूबेन मूळचा घोड्यांचे साज बनवणारा. मेन स्ट्रीटवर त्याच्या बापाचं दुकान होतं. लगामाला टाके घालता घालता तो गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायचा. दूधवाले, कोळसावाले, बर्फवाले, सगळ्यांची रड एकच असायची, ती म्हणजे मिल स्ट्रीटचं फाटक. फाटक आपलं म्हणायला. आडवा दांडा नाही की झेंडी दाखवणारा माणूस नाही. टॅलमन लाइनचे रूळ शहराच्या पोटातून, रस्त्याच्याच पातळीवरून गेले होते. अलीकडे दुकानं, बँका, इस्पितळ आणि आगीचे बंब. पलीकडे लोखंडाची ओतशाळा, कंपनीचा डबेदुरुस्तीचा कारखाना, आणि त्या दोन्हींत राबणाऱ्या पोलिश, स्लोव्हाक माणसांची लाकडी घरं. तो चौथा वॉर्ड. गाड्या वाटेल त्या वेगाने यायच्या आणि वाटेल तिथे थांबायच्या. धावती गाडी माणसं मारायची, थांबलेली गाडी शहराचे दोन तुकडे करायची. दरवर्षी कुणीतरी चाकाखाली जायचं, चौकशी बसायची, आणि स्वच्छ कॉलरवाले सभ्य गृहस्थ निकाल द्यायचे, "मृताने पुरेशी काळजी घेतली नाही."

कोरा तेव्हा चौथ्या वॉर्डाच्या शाळेत शिकवायची. ते वाक्य तिला पाठ झालं होतं. तिच्या वर्गातल्या दोन पोरींचा बाप, ग्रॅबोव्स्की नावाचा कारागीर, असाच गेला. त्याच्या चौकशीहून ती तडक निघाली ती रूबेनच्या दुकानात शिरली. तिच्या पिशवीचा पट्टा तुटला होता. पट्टा टेबलावर आपटून तिने जमलेल्या चारपाच गाडीवाल्यांसमोर कंपनीचा, निकाल देणाऱ्या ज्युरीचा आणि एकंदर पुरुषजातीचा उद्धार केला. गाडीवाले हळूहळू बाहेर सटकले. रूबेनने पट्टा शिवून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "हे तुम्ही सभागृहात बोलायला हवं."

"बायकांना बोलू देतात तिथे?"

"नाही."

"मग?"

त्याने दोरा मेणातून ओढला. "मग मी बोललो तर चालेल का? तुमच्याइतकं जोरात नाही जमणार."

पुढच्या निवडणुकीत तो नगरसेवक झाला. त्यांचं लग्न त्याआधीच झालं होतं. लग्न झाल्या दिवशी शाळेने कोराला नारळ दिला, कारण लग्न झालेल्या बाईने शिकवायचं नाही असा नियम होता. आदल्या आठवड्यात जिला अपूर्णांक शिकवता येत होते तिला या आठवड्यात येईनासे कसे झाले, हे तिने शाळेच्या मंडळाला विचारलं. मग ती पोलिश चर्चच्या तळघरात दुपारी बायकांना इंग्रजी शिकवू लागली. तिथे नियम नव्हते, पगारही नव्हता.

रूबेन सभागृहात फार बोलायचा नाही, पण एकदा धरलेला विषय सोडायचा नाही. लोकांना ते आवडलं. सहा वर्षांनी त्यांनी त्याला महापौर केलं, दोन वर्षांनी पुन्हा केलं. त्याने पोलिसांच्या हातातले दंडुके काढून घेतले. एरवी कारखान्यात जुंपलेल्या माणसांना रविवारी बागेत बेसबॉल खेळायची मुभा दिली. चौथ्या वॉर्डात गरम पाण्याचं सार्वजनिक स्नानगृह बांधलं. बँकवाले म्हणाले, उद्या हा साबणही फुकट वाटेल. रूबेनने साबणही वाटला.

आणि त्याने तो कायदा केला. पाच मिनिटांहून जास्त वेळ कुठलीही गाडी रस्ता अडवून उभी राहता कामा नये. मसुदा त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिला. 'जो कोणी गाडी उभी ठेवील,' एवढंच त्यात होतं. कोराने त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "'किंवा ठेवायला लावील' असं घाल." त्याने घातलं.

कायदा पास झाला आणि गाड्या पूर्वीसारख्याच उभ्या राहत राहिल्या. कंपनीचा वकील हॉरेस लिव्हरमोर त्यांच्याच चर्चमध्ये गायचा. आवाज गोड, बोलणं त्याहून गोड. रविवारी प्रार्थना सुटल्यावर तो कोरासमोर हॅट काढून म्हणाला, "मिसेस वेन्ट्झ, मेयरसाहेबांचा कायदा वाचला. काय सुंदर लिहिलाय! फ्रेम करून भिंतीवर लावण्यासारखा."

"अंमलात आणण्यासारखाही आहे."

"अहो, त्यासाठी आधी गाडीला वाचता आलं पाहिजे," तो म्हणाला, आणि आजूबाजूची मंडळी हसली.

ऑगस्टातली दुपार होती. कोरा चर्चच्या तळघरात शिकवत असताना वरून कुणीतरी ओरडलं. बायका पाट्या टाकून वर धावल्या. स्टाश्या ग्रॅबोव्स्काच्या खाणावळीच्या छपरातून धूर निघत होता. ही स्टाश्या म्हणजे चाकाखाली गेलेल्या त्याच ग्रॅबोव्स्कीची विधवा; पोलिश रीतीने त्याची बायको ग्रॅबोव्स्का. नवरा गेल्यावर तिने घराच्या वरच्या मजल्यावर ओतशाळेतले एकटे पुरुष भाडेकरू म्हणून ठेवले होते. रात्रपाळीची माणसं होती ती. दुपारी गाढ झोपेत असायची.

कोरा पोचली तेव्हा स्टाश्या दोन्ही मुलींना घट्ट धरून रस्त्यात उभी होती आणि वर बघून एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होती. काहीजण खिडकीतून उड्या मारून वाचले होते. बायकांनी पंपापासून रांग लावून बादल्या द्यायला सुरुवात केली. त्या ज्वाळांवर बादलीभर पाणी म्हणजे तव्यावरचा थेंब. तेवढ्यात बंबाची घंटा ऐकू आली आणि कुणीतरी रडतरडतच म्हणालं, "आले! आले!"

घंटा जवळ आली आणि मग पुढे येईचना. एकाच जागी घणघणत राहिली. कोराने वळून पाहिलं. मिल स्ट्रीटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळशाची मालगाडी उभी होती.

ती रुळांकडे धावत सुटली. डब्यांच्या चाकांमधून पलीकडे घोड्यांचे पाय दिसत होते. जागच्या जागी नाचत होते ते. बंबाचा मुख्य, नील डॉट्री, इंजिनाच्या दिशेने तोंड करून शिव्या देत होता. गार्डाचा मदतनीस, एक विशीतला पोरगा, दोन डब्यांमध्ये पांढराफटक पडून उभा होता.

"हलवा ना गाडी!" कोरा त्याच्यावर ओरडली.

"ऑर्डर नाही, बाई. यार्डात जागा नाही म्हणतात. ऑर्डर आल्याशिवाय..."

"तिथे माणसं जळतायत!"

"दिसतंय मला," तो म्हणाला आणि रडायला लागला.

पलीकडून रूबेनचा आवाज आला. कोराने लग्नापासून त्याला इतक्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. "नील, नळी खालून घाल!" डॉट्रीची माणसं पोटावर सरपटत डब्यांखालून नळी घेऊन आली. या बाजूच्या पुरुषांनी ती ओढली, खाणावळीपर्यंत नेली, पाणी सुटलं. वाफेचा लोट उठला. आणि त्याच वेळी यार्डातून कुणीतरी हुकूम दिला असावा, कारण गाडीने हिसका घेतला, हातभर पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. तेवढ्याने भागलं. चाकाने नळी कापली. पाणी रुळांवर वाहून गेलं.

शेवटी डॉट्रीने दोन डब्यांमधली जोडणी स्वतःच्या हाताने सोडली, आणि त्या पोरग्याने इंजिनकडे धावत जाऊन, ऑर्डर नसतानाच, पुढचा भाग ओढायला लावला. वाट झाली तेव्हा घोडे उधळल्यासारखे आले. तोवर जिना कोसळला होता.

यान सोब्चाक, फेलिक्स लिस आणि फेलिक्सचा धाकटा भाऊ टोमाश. तिघं गेले. सोब्चाकचं घर जवळच होतं, पण पोरांच्या गलक्यात दिवसा झोप लागेना म्हणून तो इथे झोपायला यायचा. कोराला टोमाश ठाऊक होता. तिच्या वर्गात बसलेल्या बहिणीला न्यायला यायचा आणि पायऱ्यांवर बसून आत चाललेलं इंग्रजी पुटपुटायचा.

चौकशी बसली. तेच गृहस्थ, त्याच कॉलरी. निकाल आला की घरमालकिणीने चुलीची पुरेशी काळजी घेतली नाही. मालगाडीचा त्यात शब्दही नव्हता. गार्डाच्या त्या मदतनिसाला कामावरून काढलं, कारण त्याने ऑर्डर नसताना गाडी हलवली. आणि दफनानंतर दोनच दिवसांनी लिव्हरमोर पांढरी फुलं घेऊन महापौरांच्या घरी आला. फुलं टेबलावर ठेवली, दुखवटा व्यक्त केला आणि मग घसा साफ करून म्हणाला, "एक अप्रिय गोष्ट आहे, मेयरसाहेब. डॉट्रीने कंपनीच्या मालमत्तेला हात लावला. चालू गाडी मधोमध तोडणं म्हणजे गंभीर गुन्हा आहे. त्याला काढून टाकलंत तर कंपनी विषय वाढवणार नाही."

कोरा कॉफी आणत होती. ती दारातच थांबली.

"चालू गाडी?" ती म्हणाली. "चालू असती तर तोडली असती का?"

"मिसेस वेन्ट्झ, कायद्याच्या भाषेत..."

"कायद्याच्या भाषेत मेलेल्यांना काय म्हणतात? गाडीच्या विलंबाचं कारण?" तिने फुलं उचलली, त्याच्या छातीशी नेऊन कोंबली. "ही न्या. स्टाश्याच्या अंगणात नेऊन द्या. जाताना गाडी आडवी आली तर थांबा. कितीही वेळ. आम्ही थांबलो तसे."

लिव्हरमोर रूबेनकडे पाहत राहिला. नवऱ्याने काहीतरी सावरून घ्यावं अशी त्याची अपेक्षा दिसली. रूबेन उठला आणि त्याने दार उघडून धरलं.

"डॉट्री कामावरच राहील," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी कोरा भांडी घासत होती, म्हणजे आपटत होती. "पकड त्यांना," ती म्हणाली. "तुझ्याकडे पोलीस आहेत. कायदा आहे. घाल कोठडीत."

"कुणाला? ड्रायव्हरला? ऑर्डरवर चालणारा माणूस आहे तो. ते पोरगं बघितलंस ना? ज्याच्या हातात इंजिनाचा दांडा असतो त्याच्या हातात काहीच नसतं, कोरा. त्याला आत टाकलं तर कंपनी दुसरा आणेल, आणि ह्याची पोरं उपाशी."

"म्हणजे कुणीच नाही? तीन माणसं जळतात आणि दोष चुलीचा?"

"मी कुणीच नाही म्हटलेलं नाही."

"मग कोण?"

"विचार करतोय."

"तू विचार कर. तोवर मी आणखी कुणाकुणाच्या दफनाला जाऊ ते सांग."

त्या रात्री तो जेवला नाही, हे तिने पाहिलं. आठवडा उलटला होता, आणि राग शेवटी त्याच्यापर्यंत पोचला होता. त्याचा राग तिच्यासारखा भडकून ओसरणारा नव्हता. तो आत जाऊन बसायचा.

ऑक्टोबरात टॅलमन लाइनचे मालक, वॉरेन टॅलमन, कारखान्याच्या पाहणीला आले. त्यांचा स्वतःचा डबा गाडीच्या शेवटी जोडलेला असायचा, हिरवा, पितळी कठड्यांचा. भर दुपारी ती गाडी मिल स्ट्रीटवर येऊन थांबली आणि थांबूनच राहिली. दोन्ही बाजूंना गाड्या, घोडे, माणसं खोळंबली. हवालदार क्लेम बर्डेट धावत नगरभवनात आला. कोरा तिथेच होती. रूबेनसाठी डब्यात काळ्या ब्रेडचे तुकडे आणि लोणच्यातली काकडी घेऊन आली होती.

"साहेब, फाटकात गाडी. मी स्टेशनात विचारून आलो. काही बिघाड नाही. टॅलमनसाहेब जेवतायत."

"मग?"

क्लेम ओशाळला. "चालत्या गाडीत सूप सांडतं म्हणे."

रूबेनने कोट चढवला. त्याने बायकोला 'तू थांब' म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी ती थांबली नसती.

क्लेमला मागे घेऊन हिरव्या डब्याच्या पायऱ्या चढून रूबेनने दार ठोठावलं. कोरा खाली रस्त्यात उभी होती. खिडकी उघडी असल्यामुळे सगळं ऐकू येत होतं. टॅलमन पन्नाशीचा, नीटस दाढीचा माणूस होता. कॉलरमध्ये रुमाल खोचलेला.

"आपण?"

"रूबेन वेन्ट्झ. इथला महापौर."

"अरे वा! बसा ना. सूप घ्या थोडं."

"गाडी कुणाच्या हुकमाने थांबली आहे?"

"माझ्या. का बरं?"

"जरा मोठ्याने सांगता? हवालदाराला नीट ऐकू गेलेलं बरं."

"माझ्या हुकमाने," टॅलमन चिडून म्हणाला. "माझी गाडी आहे. माझे रूळ आहेत."

"रस्ता आमचा आहे," रूबेन म्हणाला. "शहराच्या कायद्याप्रमाणे जो गाडी उभी ठेवायला लावील तो गुन्हेगार. क्लेम, यांना घे."

क्लेमला आपल्या कानांवर विश्वास बसेना. त्याने खिडकीतून खाली कोराकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग त्याने अदबीने, जणू म्हातारीला रस्ता ओलांडून देतोय तसं, टॅलमनचा दंड धरला.

मिल स्ट्रीटवरून टॅलमनला चालत नेलं. रुमाल कॉलरमध्ये तसाच. आधी कुणाला कळेना काय चाललंय. मग कोळसावाला ओरडला, "अरे, टॅलमनला धरलं!" आणि लोक दुकानांतून बाहेर आले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते बघत होते. स्टाश्या ग्रॅबोव्स्का गर्दीत पुढे आली, त्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि पोलिशमध्ये काहीतरी म्हणाली.

"ती काय म्हणाली?" टॅलमनने विचारलं.

कोराला तेवढं पोलिश येत होतं. "म्हणाली, हा तर माणसासारखाच दिसतो."

दुपारनंतर पकडलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायाधीशापुढे उभं करायचं, हा दारुड्यांसाठीचा नियम होता. रूबेनने तोच लावला. लिव्हरमोर तारा करत शहरभर पळत होता. गव्हर्नरांची तार आली, बँकेचे अध्यक्ष आले, पाद्री आले. रूबेन प्रत्येकाला म्हणाला, "नियम आहे." कोठडीत टॅलमनला इतरांना मिळतो तसाच घेवड्याचा रस्सा आणि ब्रेड मिळाला. शेजारी पडलेला दारुडा त्याच्याकडे तंबाखू मागत राहिला.

सकाळी न्यायाधीशाने दंड ठोठावला, टॅलमनने तो भरला. बाहेर पडताना तो रूबेनसमोर थांबला. चेहऱ्यावर राग नव्हता. कोराला नंतर नेहमी वाटायचं की राग असता तर बरं झालं असतं.

"मिस्टर वेन्ट्झ, त्या दुरुस्तीच्या कारखान्यात तुमच्या गावची किती घरं जेवतात?"

"पुष्कळ."

"हं," टॅलमन म्हणाला आणि हॅट घालून निघून गेला.

वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. शहराला असा कायदाच करता येत नाही म्हणाले. ते अपेक्षित होतं. नाताळाच्या तोंडावर कंपनीने जाहीर केलं की ऑर्डवेमध्ये कंपनीच्या जीविताला आणि मालमत्तेला सुरक्षितता उरलेली नाही, सबब कारखाना दुसऱ्या गावी हलवण्यात येत आहे. यंत्रं उघड्या डब्यांवर लादून नेली. तो माल घेऊन जाणाऱ्या गाड्या मात्र मिल स्ट्रीटवर क्षणभरही थांबल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात चौथ्या वॉर्डात बरीच घरं रिकामी झाली. उरलेली माणसं मेयरचं नाव काढलं की थुंकू लागली. निवडणूक पुढच्या वर्षी होती. लिव्हरमोर उभा राहिला आणि त्याने एकच गोष्ट सांगितली, की मी कारखाना परत आणीन. प्रचाराच्या दिवसांत कोरा तळघरातल्या वर्गात गेली तर तिघीच बायका आलेल्या. सोब्चाकची विधवा म्हणाली, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या दिराची नोकरी गेली. तुमच्या नवऱ्याने एक दिवस मजा केली, आम्ही वर्षभर बटाटे खातोय."

"मजा?" कोरा म्हणाली. "तुझ्या नवऱ्यासाठी केलं ते!"

"माहीत आहे. तो मेलाय. दीर जिवंत आहे."

रूबेन पडला. दणकून पडला. ज्या वॉर्डाने त्याला डोक्यावर घेतलं होतं तिथेच सगळ्यात जास्त मतं विरोधात गेली. त्या संध्याकाळी तो नगरभवनातून चालत घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, "उद्या दुकान झाडायला हवं. कोळिष्टकं झाली असतील."

"एवढंच?" कोरा म्हणाली. "त्यांनी त्याला निवडून दिलं, रूबेन! फुलं घेऊन आला होता त्याला!"

"त्यांना आज जेवायचंय."

"नको मला हे. दर वेळी तू सगळ्यांचं समजून घेतोस. टॅलमनने त्यांची भाकरी पळवली आणि ते तुला शिव्या देतात, आणि तू म्हणतोस बरोबर आहे!"

"बरोबर आहे असं म्हटलं नाही. भूक लागलीय म्हटलं." मग बूट कोपऱ्यात ठेवत तो म्हणाला, "तू रागावत राहा, कोरा. माझ्याने आता होत नाही."

तिला ते वाक्य फार लागलं. लिव्हरमोरच्या थट्टेपेक्षा, मतांपेक्षा जास्त लागलं. तो खरंच थकला होता.

कारखाना परत आला नाही. कुणी विचारलंही नाही. लिव्हरमोर पुन्हा निवडून आला, कारण तोवर लोकांना त्याची सवय झाली होती. रूबेनच्या दुकानात घोड्यांचे साज मागणारं कुणी उरलं नाही. मोटारी आल्या होत्या. तो शाळेची दप्तरं आणि कंबरपट्टे शिवायचा. युद्ध संपलं त्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची साथ आली आणि त्यात तो गेला. दफनाला डॉट्री आला, क्लेम आला, चौथ्या वॉर्डातून स्टाश्या आणि तिच्या दोन्ही मुली आल्या. वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या आणि त्यात त्याला 'एकेकाळचे वादग्रस्त महापौर' म्हटलं.

दोन वर्षांनी राज्याने कायदा केला की मोठ्या शहरांतले रूळ रस्त्यांवरून उचलले पाहिजेत. मिल स्ट्रीटवर रूळ वर गेले आणि खालून रस्ता झाला. खर्चाचा मोठा वाटा शहराने, म्हणजे ऑर्डवेच्या माणसांनी, घरपट्टीतून भरला. पुढच्या वसंतात उद्घाटन ठरलं आणि महापौर लिव्हरमोरने कोराला व्यासपीठावर बसायचं आमंत्रण पाठवलं. स्टाश्या म्हणाली, "जाऊ नका, बाई. रक्त आटवून घ्याल." कोरा गेली.

बँड होता, झेंडे होते, लिंबाचं सरबत होतं. लिव्हरमोरने गोड आवाजात भाषण केलं आणि भिंतीवरच्या फलकाचा पडदा ओढला. पितळी अक्षरं चकाकली. 'टॅलमन कंपनीच्या औदार्याने.' खाली वॉरेन टॅलमनचं नाव, आणि त्याखाली लिव्हरमोरचं.

कोरा खुर्चीतून उठली.

"औदार्य?" ती म्हणाली. जुन्या मास्तरणीचा आवाज तो, बोगद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "कुणाचं औदार्य? पैसे तुम्ही भरलेत. घरपट्टी कुणी भरली, हात वर करा! तीन माणसं इथे..."

लिव्हरमोरने बँडला खूण केली. बँड वाजू लागला. कोरा थांबली. उभीच राहिली. गाणं संपलं.

"तीन माणसं इथे एका गाडीमुळे जळून मेली. यान सोब्चाक. फेलिक्स लिस..."

बँड पुन्हा सुरू झाला. लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी ओरडलं, "बसा हो बाई!" कुणीतरी त्याला म्हणालं, "बोलू दे की तिला!" क्लेम बर्डेट व्यासपीठावर चढला. आता तो पोलीसप्रमुख होता, केस पिकले होते. तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाई, चला ना. पाया पडतो. मला हात लावायला लावू नका."

"लाव," कोरा म्हणाली. "टॅलमनला लावलास, मला लावायला काय झालं?"

क्लेमचा हात तसाच अधांतरी राहिला. बँड दम लागून थांबला.

"आणि टोमाश लिस," कोरा म्हणाली. "तो इंग्रजी शिकत होता." इतकी वर्षं साठवलेलं भाषण तेवढ्यावरच थांबलं. ती स्वतःच पायऱ्या उतरून खाली आली आणि स्टाश्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

फलक तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात समारंभाची बातमी होती, त्यात 'एका वृद्ध महिलेची प्रकृती बिघडल्याने थोडा व्यत्यय आला' असं लिहिलं होतं. कोराने ते वाचलं, पेपर चुलीत घातला आणि हॅट शोधायला लागली. तिची प्रकृती उत्तम होती. आदल्या नोव्हेंबरात, बायकांना मताचा हक्क मिळाल्यावर, तिने आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं होतं, आणि ज्याला मत देता येतं त्याला निवडणूकही लढवता येते, हे तिने वकिलाला न विचारता वाचून काढलं होतं. मेन स्ट्रीटवरचं घर तिने भाड्याने दिलं आणि स्टाश्याच्या नव्या घरात, वरच्या मजल्यावर, राहायला गेली. चौथ्या वॉर्डातून नगरसेवकपदासाठी अर्ज भरला.

मग दारोदार फिरणं आलं. काही बायकांनी तिला आत बसवून कॉफी दिली, काहींनी पडद्याआडून पाहून घरी नसल्याचं सोंग केलं. ओतशाळेमागच्या गल्लीत एका दारात सोब्चाकच्या विधवेचा दीर उभा राहिला. कारखाना गेल्यापासून तो मिळेल ते काम करत होता. तिला पाहिल्याबरोबर त्याच्या कपाळावर आठी चढली.

"तुमच्या नवऱ्यामुळे माझी नोकरी गेली," तो म्हणाला.

"नाही," कोरा म्हणाली. "टॅलमनमुळे गेली. तुझा भाऊही त्याच्यामुळेच गेला. दार लावू नकोस, मला अजून बोलायचंय."

त्याने दार लावलं नाही. आत या असंही म्हणाला नाही. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहून बोलू लागली.